मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेवढंच, मग विमानाला कधी १४ तर कधी १६ तास का लागतात?

'मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती तास' असं सर्च करून बघा. एक साइट म्हणते १४ तास, दुसरी म्हणते १६ आणि तिकीट बुक करायला गेलात तर समोर २२ तासांचा पर्याय येतो. अंतराचंही तेच. कुठे १२,५०० दिसतं, कुठे ७,८०० आणि कुठे १३,०००. लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईने यातला कोणता आकडा धरायचा?

गंमत म्हणजे यातला एकही आकडा तसा खोटा नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच.

आधी थेट उत्तर देऊन टाकू. मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी म्हणजे जेएफके विमानतळ, हे सगळ्यात कमी हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. नॉनस्टॉप विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात आणि येताना १४ ते साडेचौदा. वाटेत एक विमान बदलायचं असेल तर थांबा किती लांब आहे त्यावर सगळं अवलंबून असतं, पण १९ ते २४ तास धरून चाला.

आता खरी गोष्ट. अंतर बदलत नाही, पण हे तास बदलतात. ते दोन गोष्टींमुळे बदलतात : वारा कुठून वाहतोय आणि कोणत्या देशाने आपलं आकाश बंद केलंय.

१२,५४० किलोमीटर म्हणजे नेमकं काय मोजलं?

सगळ्यात आधी एककांचा घोळ मिटवू. १२,५४० किलोमीटर म्हणजे सुमारे ७,७९० मैल. वैमानिक मात्र नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या हिशोबात हेच अंतर ६,७७० च्या आसपास येतं. अमेरिकन साइटवर ७,८०० वाचून 'अरे, एवढं जवळ?' असं वाटलं असेल तर ते मैल होते.

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबईवर पट्टी ठेवा आणि न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ ओढा. ती अरबी समुद्रावरून सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असं करत अटलांटिकमध्ये उतरते. सरळ रेघ म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता, हे शाळेत शिकलो होतो. पण या रेघेने गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे दीड हजाराहून जास्त किलोमीटरचा फटका!

कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. आपल्या ओळखीचा तो नकाशा १५६९ मध्ये मर्केटरने काढलेल्या पद्धतीवर बेतलेला आहे. तो जहाजांच्या खलाशांसाठी होता. त्यात दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवाकडे जाल तसे देश फुगत जातात. म्हणूनच ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट मोठी आहे.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला जाणारच नाही. तो वायव्येकडे, बराचसा उत्तरेकडे झुकून वर चढेल. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि तिथून खाली उतरत न्यूयॉर्क. सगळ्यात वरचा बिंदू जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशावर येतो. मुंबई आहे १९ वर आणि न्यूयॉर्क ४१ च्या जवळ. दोन्ही शहरं खाली, रस्ता मात्र आइसलंडवरून.

या ताणलेल्या दोऱ्याचं अंतर म्हणजे ते १२,५४० किलोमीटर. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. अंतर सांगणाऱ्या बहुतेक साइट हाच आकडा देतात. मग त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागतात, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात आणि 'प्रवासाचा वेळ : १४ तास २६ मिनिटं' असं मोठ्या आत्मविश्वासाने छापतात. त्या हिशोबात वारा नाही, राजकारण नाही आणि धावपट्टीसमोरची विमानांची रांगही नाही.

मग विमान त्या रेषेवरून जात का नाही?

ती देशांची यादी पुन्हा एकदा वाचा. पाकिस्तान. अफगाणिस्तान. रशिया. गेल्या काही वर्षांत विमान कंपन्यांची ज्या आकाशांनी सगळ्यात जास्त डोकेदुखी केली, त्यातली तीन मुंबई-न्यूयॉर्कच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर ओळीने उभी आहेत.

देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाच्या मालकीचं असतं. १९४४ च्या शिकागो करारात हे तत्त्व स्पष्टपणे मान्य केलेलं आहे. परदेशी विमान तिथून नेायचं तर परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही द्यावं लागतं. परवानगी काढून घेतली की वळसा घालायचा, दुसरा इलाज नाही.

बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ ला आपली हवाई हद्द बंद केली. ती पूर्ववत उघडायला १६ जुलै उजाडला. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना बंदी केली, ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं आणि मग दोन्हीकडून महिन्या-महिन्याची मुदतवाढ सुरू झाली.

यात एक बारकावा आहे, जो बातम्यांमध्ये बऱ्याचदा सुटतो. हा फटका दिल्लीला जास्त बसतो, मुंबईला कमी. एरवी दिल्ली न्यूयॉर्कला जवळ. तिथून अंतर सुमारे ११,७६० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पावणेआठशे किलोमीटर कमी. पण दिल्लीचं पश्चिमेचं दार पाकिस्तानात उघडतं. ते बंद झालं की विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्र गाठावा लागतो. मुंबईला समुद्र दारातच आहे. २०२५ ची बंदी आल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्ना आणि कोपनहेगनला उतरावं लागलं, ते याचमुळे.

मुंबईच्या विमानांना वळसा पडतो, पण तो वाटतो तेवढा मोठा नसतो. हिशोब करून बघा. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५० च्या आसपास. म्हणजे लंडनवरून गेलं तरी दोनशेच किलोमीटर जास्त. गोलावर थोडं खालून गेल्याने फार बिघडत नाही. अर्थात, मुंबई ते लंडन हा टप्पा तरी सरळ जाता यायला हवा. त्यासाठी ओमान, इराण किंवा सौदी, इराक, तुर्कस्तान ही आकाशं उघडी लागतात.

तीही नेहमी उघडी असतात असं नाही. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि काही तासांत इराण-इराकचं आकाश रिकामं झालं. त्या दिवशी एअर इंडियाची डझनभराहून जास्त लांब पल्ल्याची विमानं वाटेतून वळवावी लागली किंवा परत बोलवावी लागली. न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं एक विमान जेद्दाला उतरलं. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान परत मुंबईलाच आलं. त्यातल्या प्रवाशांसाठी मुंबई ते मुंबई असा प्रवास झाला, तोही कित्येक तासांचा.

अफगाणिस्तानचं कारण वेगळं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता घेतल्यावर काबूलची हवाई नियंत्रण सेवाच बंद पडली. आकाश होतं, पण विमानांना एकमेकांपासून लांब ठेवणारं खाली कोणी नव्हतं. बहुतेक कंपन्यांनी तो भाग टाळायला सुरुवात केली.

रशियाचं आकाश युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांवर ही बंदी नाही. त्यामुळे भारत-अमेरिका मार्गावर एअर इंडियाला अमेरिकी कंपन्यांपेक्षा जवळचा रस्ता मिळू शकतो. पण त्यातही जोखीम आहे, ती ६ जून २०२३ ला दिसली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ च्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अति पूर्वेकडच्या मगदानला उतरवावं लागलं. निर्बंधांमुळे तिथे नेहमीसारखी मदत मिळणं कठीण. दोनशेहून जास्त प्रवासी अडकले. शेवटी मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेलं.

जाताना १६ तास आणि येताना १४, असं का?

सोशल मीडियावर याचं एक लोकप्रिय उत्तर फिरतं : 'पृथ्वी फिरते ना, म्हणून.' म्हणजे विमान हवेत असताना खालची पृथ्वी सरकते आणि शहर जवळ येतं. हे चूक आहे. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि त्या हवेत विमान उडतं. तसं नसतं तर शिवाजी पार्कात उंच उडी मारली की तुम्ही समुद्रात पडला असता. शिवाय पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. या तर्काने पश्चिमेला, म्हणजे अमेरिकेला जाताना कमी वेळ लागायला हवा होता. होतं नेमकं उलटं.

खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. ताशी १५० किलोमीटर तर नेहमीचंच. हिवाळ्यात ३०० च्या वरही जातात. त्यांना पूर्वेची दिशा मिळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, त्यामुळे वरच्या अफवेत कणभर सत्य आहे म्हणा हवं तर.

हे वारे पद्धतशीर मोजणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होते जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून निरीक्षणं घेतली आणि जगभरच्या लोकांनी वाचावं म्हणून अहवाल एस्परांतो या कृत्रिम 'जागतिक' भाषेत छापला. साहजिकच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

आता ढोबळ गणित. विमान हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. न्यूयॉर्कला जाताना समोरच्या वाऱ्याने सरासरी ७० किलोमीटर खाल्ले तर जमिनीच्या हिशोबात वेग उरला ८३०. वळशासह १२,९०० किलोमीटर धरले तर साडेपंधरा तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं मिळवा, झाले १६. परत येताना वैमानिक वारा पाठीशी घेतात. ताशी ६० किलोमीटर जरी फुकट मिळाले तरी वेग ९६० होतो आणि वळसा थोडा मोठा घेऊनही चौदा-साडेचौदा तासांत मुंबई.

वारा जोरात असला की काय होतं, त्याचं नावाजलेलं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाची मर्यादा मात्र त्याने ओलांडली नव्हती, कारण ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच पळत होती.

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण आपल्याकडचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान सुरुवातीला अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा साधारण दोन तास लवकर! १,४०० किलोमीटर जास्त गेलं आणि लवकर पोचलं, कारण पूर्ण रस्ता वारा पाठीमागे होता. त्यावेळी अंतराच्या हिशोबाने ते जगातलं सगळ्यात लांब नॉनस्टॉप उड्डाण ठरलं.

म्हणून रोजचा रस्ता रोज ठरतो. त्या दिवसाचा वारा, बंद आकाशं, विमानाचं वजन हे सगळं घालून उड्डाणापूर्वी मार्ग काढला जातो. अटलांटिकवर तर दर दिवशी वाऱ्याप्रमाणे आकाशातल्या 'लेन' नव्याने जाहीर होतात. कालचं विमान आयर्लंडवरून गेलं आणि आजचं आइसलंडच्या बाजूने, असं सहज होऊ शकतं.

थोडा वळसा पडला तर बिघडलं कुठे?

प्रवाशाला एक सिनेमा जास्त बघायला मिळतो. कंपनीचं मात्र गणित कोलमडतं. बोइंग ७७७-३००ईआर हे या मार्गावर दिसणारं विमान तासाला साधारण ७ ते ८ टन इंधन पितं. १६ तासांचे झाले १२० टनांच्या आसपास. उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन सुमारे ३५१ टन असू शकतं, म्हणजे निघताना एक तृतीयांशाहून जास्त वजन नुसत्या इंधनाचं. एक तास वाढला तर त्याचं इंधन तर लागतंच, वर ते इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. मग माल कमी घ्या, कधी सीटही रिकाम्या सोडा. ड्युटीच्या तासांवर मर्यादा असल्याने वैमानिक जास्त लागतात. हे सगळं शेवटी तिकिटात दिसतं.

१९६० मध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण एका दमात जाणं शक्यच नव्हतं. एअर इंडियाने १४ मे १९६० ला बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तीही लंडनमार्गे. मुंबईहून न्यूयॉर्कला एअर इंडियाची नॉनस्टॉप सेवा आली ती थेट ऑगस्ट २००७ मध्ये.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

हा भाग नीट वाचा. इथली चूक महागात पडते.

अमेरिकेची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर लिहिलंय : १५ तारीख, ००:५०. म्हणजे १४ तारखेची रात्र संपून नुकतीच १५ सुरू झालेली. विमानतळावर पोचायचं आहे १४ ला रात्री नऊ-साडेनऊला. १५ ला दिवसभर निवांत बॅगा भरून रात्री निघालात तर तुमचं विमान तोपर्यंत न्यूयॉर्कला उतरून गेलेलं असेल. घरातल्या ज्येष्ठांना तारीख सांगताना '१४ च्या रात्री' असंच सांगा.

दुसरं, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. भारतात हा प्रकार नाही.

उन्हाळ्यात सोमवारी पहाटे १ ला मुंबईहून निघालात आणि १६ तास लागले, तर मुंबईत वाजलेले असतील संध्याकाळचे ५, पण न्यूयॉर्कमध्ये असेल सोमवार सकाळ, साडेसात. तिकीट बघून वाटेल की साडेसहा तासांचा प्रवास आहे. येताना उलटं. मंगळवारी दुपारी १२ ला न्यूयॉर्कहून निघालात आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत उतराल बुधवारी दुपारी १२ ला. तिकिटावर पुढे छोटासा '+१' असतो. त्याचा अर्थ पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची आहे. घ्यायला येणाऱ्याला तो '+१' आठवणीने कळवा.

फोन करताना एक सोपी युक्ती : न्यूयॉर्कची वेळ घ्या, सकाळची संध्याकाळ करा आणि उन्हाळ्यात अडीच तास वजा करा. तिथे सकाळचे ८, म्हणजे इथे रात्रीचे ८ वजा अडीच, संध्याकाळचे साडेपाच. हिवाळ्यात दीड तास वजा करायचा.

तिसरं म्हणजे 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यातला फरक. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. विमान कंपन्या वापरत नाहीत. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण वाटेत थांबा असू शकतो. तिकीट घेताना 'स्टॉप्स : ०' लिहिलंय का ते बघा.

आणि तिकिटावरचे तास हे हवेतले तास नसतात. विमान गेटवरून हलतं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ. कंपन्या त्यात थोडी सूटही धरतात. 'विमान वेळेआधी वीस मिनिटं पोचलं' असं वैमानिक अभिमानाने सांगतो, तेव्हा बऱ्याचदा ती सूट असते.

एक थांबा घेतला तर किती लांब पडतं?

दुबईवरून गेलात तर मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. बेरीज १२,९५०. नॉनस्टॉपच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यापेक्षा जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. म्हणजे आखाती शहरांतून किंवा लंडनवरून गेल्याने अंतर फारसं वाढत नाही. वेळ जातो तो थांब्यात. दोन तासांचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं तर पळापळ. पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी तीन-साडेतीन तासांचा थांबा मला शहाणपणाचा वाटतो.

अमेरिकेत आतल्या शहरात जायचं असेल, तर एक गोष्ट माहीत हवी. इमिग्रेशन साधारणपणे अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर होतं आणि बॅगाही तिथेच पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. मुंबईत 'बॅग थेट शेवटपर्यंत जाईल' असं सांगितलं तरी.

न्यूयॉर्कचं म्हणून मिळणारं तिकीट जेएफकेचंच असेल असंही नाही. नूअर्क विमानतळ न्यू जर्सीत आहे, दोन्हींमध्ये सरळ अंतर तीसेक किलोमीटर, पण मध्ये अख्खं मॅनहॅटन. गाडीने तास-दीड तास कुठेच गेला नाही. मुलं एडिसनच्या बाजूला राहत असतील, जिथे भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, तर नूअर्क कितीतरी सोयीचं.

१६ तास बसून शरीराचं काय होतं?

विमानात हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो, सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरात असल्यासारखा असतो. हवा कोरडी, त्यामुळे घसा सुकतो. पाणी पीत राहा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या नसेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं. एकूण प्रमाण तरी कमीच, सहा हजारांत एक. पण आधी गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघा. बाकीच्यांनी दर दोन तासांनी उठून चक्कर मारावी. त्यासाठी आइलची सीट मागून घ्यावी. खिडकीतून तसंही बराच वेळ अंधारच दिसतो.

इन्सुलिन किंवा वेळेवर घ्यायच्या गोळ्या असतील तर 'रात्रीचा डोस' म्हणजे कुठल्या रात्रीचा, हे आधीच लिहून घ्या. गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

जेट लॅग जाताना त्यातल्या त्यात सोसतो. पूर्वेकडे येताना, म्हणजे मुंबईत परतल्यावर, जास्त त्रास होतो, कारण शरीराला लवकर झोपायला लावणं उशिरा झोपवण्यापेक्षा अवघड असतं. आठवडाभर रात्री दोनला टक्क जाग आली तर घाबरू नका.

अंधाराचं म्हटलं म्हणून सांगतो. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य मावळतो संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पहाटे १ च्या विमानात बसलात की विमान आणि रात्र दोघंही पश्चिमेला निघतात. पहाट मागून येत राहते, पण गाठत नाही. न्यूयॉर्कला उतराल सकाळी साडेसहाला, तेव्हाही बाहेर काळोखच असेल. तिथला सूर्य उगवतो सव्वासातला. तोपर्यंत मुंबईत पुन्हा संध्याकाळचे पावणेसहा वाजलेले असतात. जवळपास पावणेचोवीस तासांची एक सलग रात्र.

याहून लांब विमान कुठलं?

सिंगापूर ते न्यूयॉर्क. अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर, वेळ साडेअठरा तासांच्या पुढे. त्यासाठी सिंगापूर एअरलाइन्सने एअरबसकडून ए३५० चा जास्त इंधनाचा खास प्रकार घेतला. ऑस्ट्रेलियाची क्वांटास त्याहून पुढे, सिडनी ते लंडन नॉनस्टॉप नेण्याच्या तयारीत आहे. ते अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आणि २० तासांहून जास्त वेळ. यापुढे फार वाढायला जागाच नाही. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, त्यामुळे कुठलीही दोन शहरं घेतली तरी जवळच्या रस्त्याने ती एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून लांब असूच शकत नाहीत.

तुमच्या विमानाला नेमके किती तास लागतील, हे बघायचं असेल तर अंतर सांगणाऱ्या साइट सोडा. विमानं थेट दाखवणाऱ्या एखाद्या ट्रॅकिंग अ‍ॅपवर आपला फ्लाइट नंबर टाका आणि गेल्या आठवडाभरात ते रोज किती वाजता सुटलं, किती वाजता उतरलं आणि कुठून गेलं ते बघा. घ्यायला जाणाऱ्यांनीही तेच बघून घरातून निघावं. मात्र विमान उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांचा तास-दीड तास वेगळा धरा.